डाव्या हाताचं कुंपण

आमच्या ॲशफील्ड रोडवर एक नियम आहे. रस्त्यात उभं राहायचं, आपल्या घराकडे तोंड करायचं, डाव्या हाताला येईल ते कुंपण आपलं आणि उजव्या हाताचं शेजाऱ्याचं. हे लिहिलंय कुठे, असं विचारलंत तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने सांगितलं, संपला विषय. आणि या नियमावर क्लिफ बूथरॉइडची जेवढी श्रद्धा, तेवढी आमच्या पाद्रीबाबांची येशूवर असेल की नाही, मला शंका आहे.

क्लिफ हा तसा साधा माणूस. एकोणचाळीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होता. दिवसभर गाडीखाली उताणं पडून काम. तिथे बोलायला समोर असतं कोण? आणि तोंड उघडलं तर ग्रीस आत गळणार. त्यामुळे त्याला तोंड मिटून ठेवायची सवय लागली ती लागलीच. बायको मेविस अगदी उलटी. शाळेच्या जेवणघरात वाढपी होती. अर्ध्या गावाच्या ताटात तिने कस्टर्ड वाढलंय आणि प्रत्येकाला चमच्यामागे एक वाक्य ऐकवलंय. पोस्टात तिकीट घ्यायला गेली तर तिच्यामागची रांग दारापर्यंत जायची. घरात ती बोलायची, क्लिफ ‘हं’ म्हणायचा. चव्वेचाळीस वर्षांचा संसार त्या ‘हं’वर चालला होता.

डेपो बंद पडला तेव्हा क्लिफ अठ्ठावन्न वर्षांचा होता. साहेबांनी हात मिळवला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, आणि हा घरी आला तो गॅसच्या शेगडीसमोर खुर्चीत बसला. वर्षभर बसला. मेविस शाळेत जाताना बसलेला, परत यायची तेव्हाही तिथेच, दुपारचं सँडविच बशीत तसंच. शेवटी वसंतात एकदा त्याची नजर खिडकीबाहेर गेली. डावीकडचं प्रिव्हेटचं कुंपण माजलं होतं. हे प्रिव्हेट म्हणजे दिसायला आपल्या मेंदीच्या कुंपणासारखंच, आणि मेंदीइतकंच आडदांड. क्लिफ उठला, शेडमधून बापाची मोठी कात्री काढली, दोन खुंट्यांना दोरी ताणली आणि कापायला लागला.

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी कुंपण. छातीएवढी उंची, माथा असा सपाट की वर चहाचा कप ठेवावा. पलीकडे राहणारी म्हातारी मुलीकडे राहायला गेली तेव्हा जाताना म्हणाली होती, “क्लिफ, तुझ्या कुंपणाची आठवण येईल हो मला.” हे वाक्य त्याने पुढे पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण कुंपणाचा विषय निघाला की ‘म्हातारी काय म्हणाली’ हे सांगायचाच.

म्हातारीच्या घरात लेन हॅडफिल्ड राहायला आला. विधुर, सत्तरीचा, शेजारच्या गावात सलून चालवायचा. न्हावीच तो, बोलण्यात कोण हरवणार त्याला! पहिल्याच आठवड्यात रस्त्यातल्या सगळ्यांची नावं, त्यांच्या कुत्र्यांची नावं आणि कुणाचं कुठे दुखतं ते त्याला पाठ. स्वतःच्या डोक्यावर मात्र एक केस नाही.

मेविस कपडे वाळत घालायला मागे जायची. लेन पलीकडे आपल्या काचघरात टोमॅटोशी काहीतरी करत असायचा. कुंपण छातीएवढंच, त्यामुळे दोघांच्या हनुवट्या वर. आधी हवेच्या गप्पा झाल्या, मग पायांच्या दुखण्याच्या, आणि मग एका सकाळी क्लिफला स्वयंपाकघरात मेविसचं हसणं ऐकू आलं. साधं हसणं नव्हे. पोट धरून, मध्येच श्वास अडकून, “पुरे पुरे” म्हणत हसणं. क्लिफच्या हातात चहाची किटली होती. ते हसणं त्याने ओळखलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की शेवटचं कधी ऐकलं ते आपल्याला सांगता येणार नाही. किटली त्याने खाली ठेवली. असलं दुखणं औषधाच्या दुकानात सांगता येत नाही.

पुढे रोज न्याहारीला लेन यायला लागला. म्हणजे प्रत्यक्ष नाही, मेविसच्या तोंडून.

“लेन म्हणतो, गुलाबाच्या मुळाशी केळ्याची सालं पुरावीत.”

“हं.”

“लेन म्हणतो, गुडघ्याला कोबीचं पान बांधलं की सूज उतरते.”

“त्याने स्वतःच्या डोक्याला बांधलं असतं तर चार केस राहिले असते,” क्लिफ म्हणाला.

मेविस हसली, पण नेहमीचं, साधं. ते दुसरं हसणं कुंपणापाशी ठेवून आलेली. क्लिफच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं छप्पर गळलं तर मी चढलो, हिच्या आईच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा मी घातल्या, आणि हा टकल्या आला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला लागला! कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय.

बोलून दाखवायची सवय नाही. मग क्लिफने काय केलं? कुंपणाचा माथा कापायचं थांबवलं. आपल्या बाजूने भिंतीसारखं सरळ ठेवायचं आणि वर वाढू द्यायचं. पहिल्या उन्हाळ्यात ते मेविसच्या हनुवटीशी आलं, दुसऱ्यात डोक्यावरून गेलं.

“क्लिफ, दोरी हरवली का रे तुझी?” मेविसने विचारलं.

“झाडाला श्वास घेऊ द्यावा कधीतरी.”

“झाडाला होय! बरं बरं.” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कपड्यांची बादली उचलली.

सात फुटी कुंपणाची सावली लेनच्या काचघरावर पडली. टोमॅटो पिकेनात. दुसरा कुणी असता तर नगरपालिकेत अर्ज गेला असता, वर्तमानपत्रात फोटो आला असता. या देशात कुंपणापायी लोकांनी एकमेकांची नावं टाकलीत. लेनने हिरव्या टोमॅटोची चटणी केली आणि एक बरणी क्लिफच्या दारात ठेवली. वर चिठ्ठी: ‘यंदा लाल झालेच नाहीत, म्हणून ही.’ क्लिफला तो टोमणा वाटला. त्याने बरणीला हात लावला नाही. मेविस चीजबरोबर चापून खात होती. एकदा ती बाहेर गेल्यावर त्याने बोटभर चाटून पाहिली. उत्तम होती. म्हणून तर जास्त राग आला.

आणखी एक. लेन आपल्या बाजूची पानं कापायचा. कात्री आणि कंगवा, हो, कंगवा, झाडाला! आणि कापलेल्या डहाळ्या पोत्यात भरून क्लिफच्या फाटकाशी आणून ठेवायचा. आमच्याकडे रीत अशी की कापलेली फांदी ज्याचं कुंपण त्याची, ती परत द्यावी. पण ही रीत पाळतो कोण? पाळतो तो भांडणारा. क्लिफने पोतं पाहिलं आणि फाटकातूनच ओरडला.

“मिस्टर हॅडफिल्ड! माझ्या दारात कचरा कशाला?”

“तुझं कुंपण, तुझ्या डहाळ्या, क्लिफ. म्हटलं नेऊन द्याव्या.”

“मी काय बकरी पाळलीय?”

“पाळ की. मेविसला करमेल.”

कुंपणापलीकडून हे ‘मेविस’ ज्या सहजपणे आलं, ते क्लिफला दिवसभर पुरलं. पुढचं पोतं आलं तेव्हा त्याने ते लाथेने पालथं केलं आणि संध्याकाळी स्वतःच गोळा केलं.

त्यातच मेविसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी आली. क्लिफने सगळं केलं, अगदी सगळं. मोजे घालण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. रस्त्यातल्या बायका म्हणाल्या, “नवरा असावा तर असा.” तो खूश होता. मेविस घरात होती, कुंपण सात फूट होतं, आणि लेनचं नाव न्याहारीला येत नव्हतं.

शनिवारी तो क्लबात बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला जायचा. एका शनिवारी समोरच्या संघाची दोन माणसं आलीच नाहीत, सामना रद्द झाला, क्लिफ तासाभरात परत. मेविस खुर्चीत नाही, स्वयंपाकघरात नाही, परसातही नाही. वरच्या झोपायच्या खोलीत पडली असेल म्हणून तो जिना चढला. तिथेही नाही. पण तिथल्या खिडकीतून पलीकडचं परस दिसतं. कुंपण कितीही वाढवलं तरी या खिडकीच्या आड येणार होतं थोडंच?

लेनच्या परसात, उन्हात, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मेविस बसली होती. खांद्यावर पांढरा टॉवेल. लेन मागे उभा, हातात कात्री. त्याने दोन बोटांनी तिची मान हलकेच पुढे वाकवली आणि मानेवरचे केस कापले. मेविस डोळे मिटून काहीतरी सांगत होती. मग लेनचे खांदे हलायला लागले आणि मेविसही हसायला लागली, तेच ते हसणं. लेन कात्री बाजूला धरून तिचं हसणं थांबायची वाट पाहत उभा राहिला.

क्लिफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केस कापून घ्यायला ती गावात जाऊ शकत नव्हती, बसची पायरी तिला चढवत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? आपण हिला आंघोळ घालतो, पण हिच्या मानेवर असे केस वाढलेत हे आपल्याला दिसलं नाही आणि त्याला दिसलं, हे त्याच्या मनातून जाईना.

ती परत आली, टापटीप, मानेवरून हात फिरवत.

“कसं दिसतंय?”

“कुंपण उपटणार मी,” क्लिफ म्हणाला.

“काय?”

“मुळासकट. लाकडी फळ्या ठोकणार, एकीला एक लागून. उंदीर जायला भोक ठेवणार नाही. आणि तुझ्या त्या न्हाव्याला सांग, त्याच्या बाजूच्या वाटेनेसुद्धा तू जायची नाहीस.”

मेविस काठीवर वाकून उभी राहिली. “उपटू नकोस, क्लिफ.”

“का? त्याच्यासाठी?”

“नाही.”

“मग कुणासाठी?”

तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. पोस्टातली रांग थांबवणारी ही बाई, आणि हिच्याकडे एका प्रश्नाचं उत्तर नसावं! क्लिफला जे समजायचं ते तो समजला. म्हणजे आता प्रश्न कुंपणाचा उरलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांनी आपली बायको आपली आहे की नाही, एवढाच उरला.

काम पक्कं करावं म्हणून तो वकिलाकडे गेला. लेनने उद्या आडकाठी केली तर हातात कागद असलेला बरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घर विकत घेतलं तेव्हापासून कागद त्या वकिलाच्याच कपाटात होते. क्लिफने एकदाही उघडले नव्हते. वकीलबाई तरुण होती. तिने नकाशा पसरला आणि पेन्सिलीने एक रेघ दाखवली. रेघेला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी एक खूण चिकटलेली होती.

“हा टी ज्याच्या बाजूला, कुंपण त्याचं. हे तुमचं नाही, मिस्टर बूथरॉइड. शेजाऱ्याचं आहे.”

“ते डाव्या हाताचं आहे, बाई.”

“डाव्याउजव्याचा काही संबंध नसतो. तसा नियमच नाही.”

“सगळ्यांना माहीत आहे हा नियम!”

“हो ना. माझे वडीलही हेच म्हणतात. त्यांनाही कितीदा सांगितलं.”

क्लिफने नकाशा उलटा केला, सुलटा केला. टी हलला नाही.

“मग माझं कुठलं?”

“उजवीकडचं.”

उजवीकडचं कुंपण गचाळ असतं म्हणून त्या बाजूच्या शेजारणीला, मिसेस क्लेगला, त्याने वीस वर्षं नावं ठेवली होती. तो टोपी घालून बाहेर पडला आणि बसची वाट न पाहता चालत घरी आला.

क्लिफमध्ये कितीही खोट काढा, चूक कळल्यावर ती दडवणारा तो नव्हता. तो सरळ लेनच्या फाटकातून आत गेला. लेन पायरीवर बसून कात्रीला धार लावत होता.

“कुंपण तुमचं आहे,” क्लिफ म्हणाला. “वकिलाकडे पाहून आलो. मी ओरडलो, तुमचे टोमॅटो घालवले. चूक माझी.”

“ठाऊक आहे रे,” लेन म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“कुंपणाचं. घराची चावी मिळाली त्याच आठवड्यात कागद वाचले मी.”

“तीन वर्षं?” क्लिफने टोपी काढली. “तीन वर्षं माहीत होतं, आणि माझ्या डहाळ्या म्हणून माझ्या दारात पोती आणून ठेवत होतास? मी लाथ मारली तरी?”

“हो.”

“का?”

लेनने कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. “ते मेविसला विचार. माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं बोलणं मी आजवर दुसऱ्याला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही.”

म्हणजे दोघांचं ठरलेलं! अळीमिळी गुपचिळी! क्लिफ घरी आला तेव्हा त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू आला, आणि घरातून आलेला तो आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

“मेविस! कुंपण त्याचं आहे हे तुला माहीत होतं?”

मेविस बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“होतं. पहिल्या आठवड्यात आला होता तो कागद घेऊन. तू क्लबात होतास. म्हणाला, यापुढे कुंपण मी कापेन. मी म्हटलं, नको. मी हात जोडले त्याला.”

“माझी दया आली तुम्हा दोघांना!”

“दया नाही रे. तू वर्षभर त्या शेगडीसमोर बसला होतास. रोज शाळेतून येताना कोपऱ्यावर माझे पाय जड व्हायचे. वाटायचं, आज दार उघडेन आणि काय दिसेल. मग तू कात्री घेऊन उठलास. ते कुंपण कुणाच्या नावावर आहे, त्याच्याशी मला काय करायचंय? मी म्हटलं, एवढं त्याच्याकडून काढून घेऊ नका.”

क्लिफ उभाच होता. एवढं ऐकूनही मन निवलं नाही. उलट आता लेनचे उपकारही झाले होते.

“आणि ते हसणं?”

“कसलं हसणं?”

“त्याच्याशी बोलताना हसतेस ते. मला बहिरा समजतेस? तीन वर्षं ऐकतोय. माझ्यासमोर कधी हसलीस तशी? त्या टकल्यात असं आहे तरी काय?”

मेविस त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

“त्याच्यात? अरे वेड्या, मी त्याला तुझ्या गोष्टी सांगते.”

“माझ्या?”

“मग काय हॅडफिल्ड घराण्याच्या? त्याला भारी आवडतात. ती बीटाची तर त्याने मला चारदा सांगायला लावली.”

“कुठली बीटाची?”

“तीच रे! तू पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आलास ती.” मेविसला आत्ताच हसू फुटायला लागलं. “आईने व्हिनेगरमधलं बीट वाढलं. तुला बीट बघवत नाही. पण सांगायची हिंमत कुठली? तू एकेक चकती हळूच कोटाच्या खिशात घालत होतास. आणि निघताना बाबांनी हात मिळवायला हात पुढे केला, तर तुझा हात लालभडक! बाबा ओरडले, पोराला लागलंय! आई आयोडीन घेऊन धावली. आणि तू, तू हूं का चूं केलं नाहीस. बांधून घेतलीस पट्टी. उजव्या हाताला ही एवढी पट्टी!” ती टेबलाला धरून हसत होती, पोट धरून, श्वास अडकून. “आणि पुढच्या रविवारी परत आलास, तो...”

ती थांबली. पुढचं वाक्य क्लिफने म्हणायचं होतं. त्या दोघांचीच तर गोष्ट होती ती.

क्लिफ वाट बघत होता.

“तो काय?” त्याने विचारलं.

मेविसचं हसणं हळूहळू थांबलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

“तुला आठवत नाही?”

“नाही.”

“पट्टी बांधून आलास,” ती सावकाश म्हणाली. “डाव्या हाताला.”

क्लिफने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. त्याला कुठला हात ते माहीत नव्हतं. लेनला माहीत होतं. शेजारच्या घरात एक टकल्या माणूस बसला होता, आणि आपण चोवीस वर्षांचे असताना कसे होतो, मेविसला कशाने हसवत होतो, हे सगळं त्याच्याजवळ होतं. इतका हेवा क्लिफला त्या खिडकीतसुद्धा वाटला नव्हता.

“आणखी काय काय सांगितलंयस त्याला?” तो म्हणाला.

“पुष्कळ.”

“मला सांग. पहिल्यापासून सगळं.”